धोटा, दात आणि भाकरी

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास आजवर पुष्कळांनी लिहिला. कोणी तो संपांचा लिहिला, कोणी युनियनांचा, कोणी चाळींचा आणि खानावळींचा. कामगाराच्या हातांवर आणि घामावर कविता झाल्या, नाटके झाली. पण कामगाराच्या तोंडाचा इतिहास कोणी लिहिलेला दिसत नाही. तोंडाने माणूस खातो, बोलतो, गातो, घोषणा देतो. आणि तोंड जर खाण्याचे व बोलण्याचे साधन असेल, तर दात हे त्या साधनाचे पाते आहे.

दलित विचारांच्या नियतकालिकात दातांवर लेख कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. दात हा डॉक्टरांचा विषय, आपला नव्हे, असेही कोणी म्हणेल. परंतु म्हातारपणापर्यंत स्वतःचे दात तोंडात टिकणे ही केवळ नशिबाची किंवा चांगल्या सवयींची खाजगी बाब नाही. वेळ, मजुरी, पाणी आणि प्रतिष्ठा यांची समाजात कशी वाटणी झाली आहे, याचा तो परिणाम असतो. परळमध्ये तर या वाटणीत जातीने उघडउघड हात घातला होता, आणि तोही तोंडाच्या निमित्तानेच. ती हकीकत आधी सांगितली पाहिजे.

१

पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याने गळ्यात मडके बांधून चालावे, थुंकायचे झाल्यास त्या मडक्यात थुंकावे, असा दंडक होता. त्याची थुंकी जमिनीवर पडली आणि सवर्णाचा पाय तिच्यावर पडला तर सवर्ण बाटेल ही भीती. १९३६ साली लाहोरला होऊ न दिलेल्या आणि पुढे पुस्तकरूपाने निघालेल्या जातिसंस्थेच्या उच्चाटनावरील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या मडक्याची नोंद केली आहे. पेशवाई १८१८ साली बुडाली. १८५० नंतर मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या. कोकणातून, घाटावरून माणसे आली. त्यात महार होते, मांग होते, चांभार होते. यंत्राला जात नसते, शहरात जात विरघळून जाते, असे पुष्कळांना तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

यंत्राला जात नव्हती हे खरे. पण यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला होती.

गिरणीतल्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या ताण्यातून आडवा बाणा घेऊन धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडीवरचे सूत संपले की साचा थांबवायचा, नवी कांडी बसवायची आणि तिच्या धाग्याचे टोक धोट्याच्या अंगच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. हे काम बोटांनी करीत बसले तर वेळ जातो, आणि साचेवाल्याची मजुरी कापडाच्या मापावर. म्हणून साचेवाला धोटा उचलून भोकाला ओठ लावी आणि श्वास आत ओढी. धागा सुर्रकन तोंडात येई. दोन साचे सांभाळणारा माणूस दिवसातून शे-दोनशे वेळा हे सहज करी. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या हातात आणि दुसऱ्याच्या ओठाला.

एवढ्या एका कारणासाठी मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचाखात्याचे दार बंद होते. महाराने ओठ लावलेल्या धोट्याला आम्ही ओठ लावणार नाही, असे सवर्ण साचेवाले म्हणत. साचाखाते हे चांगल्या मजुरीचे खाते. थ्रॉसलमध्ये, म्हणजे सूतकताईच्या रिंग खात्यात, किंवा झाडलोटीच्या आणि ओझ्याच्या कामात मिळणाऱ्या मजुरीपेक्षा साचेवाल्याची कमाई बरीच जास्त असे. आमच्या माणसाला नेमकी ही खालची खातीच खुली होती. माझे आजोबा आयुष्यभर थ्रॉसलमध्ये राहिले. साच्याचे काम आपल्याला येत नाही असे ते कधी म्हणाले नाहीत. ते काम आपल्याला देत नाहीत, एवढेच ते म्हणत.

गळ्यातले मडके गेले होते. पण मडक्यामागची भीती गिरणीच्या फाटकातून आत येऊन साच्यापाशी उभी राहिली होती.

२

हीच गोष्ट याच काळात दुसऱ्या एका देशात कशी पाहिली गेली, ते तपासण्यासारखे आहे. मुंबईच्या गिरण्यांतली यंत्रे मुख्यतः लँकेशायरहून बोटीने आली. लँकेशायरचा साचेवालाही धोट्याला ओठ लावूनच धागा ओढीत असे. तिकडे या प्रकाराला धोट्याचे चुंबन म्हणत. त्या चुंबनाविषयी तिथे तक्रारी झाल्या, चौकशा झाल्या. त्या तक्रारी जातीच्या नव्हत्या. पुढचे दात खराब होतात, सुताचा धुरळा आणि खळ पोटात जाते, क्षयासारखा रोग एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो, अशा त्या होत्या. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली ही पद्धत कायद्याने बंद केली. लँकेशायरमध्ये बंदी यायला १९५२ साल उजाडले आणि त्यानंतरही ती रेंगाळतच राहिली. हाताने धागा ओवता येईल असे धोटे कधीच निघालेले होते. मालकांना त्यांच्यावर पैसा घालायचा नव्हता, एवढेच.

साचा तोच, धोटा तोच, ओठ लावण्याची रीत तीच. लँकेशायरमध्ये प्रश्न विचारला गेला की एकाच्या तोंडातला रोग दुसऱ्याच्या तोंडात जाईल काय. मुंबईत प्रश्न विचारला गेला की एकाच्या तोंडातली जात दुसऱ्याच्या तोंडात जाईल काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर धोटा बदलणे हे होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माणूस बदलणे हे ठरले. धोटा बदलला असता तर मराठा साचेवाल्याचे दात आणि छाती वाचली असती आणि महार कामगाराला साचा मिळाला असता. पण आपल्या तोंडाचे नुकसान सोसूनही दुसऱ्याला दूर ठेवावे, ही जातिव्यवस्थेची जुनी शिकवण आहे. ती जे देते त्याहून अधिक हिरावून घेते, आणि ज्याला ती उच्च म्हणते त्याच्याकडूनही घेते.

१९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. तो सुमारे सहा महिने चालला. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्याच वर्षी उभी राहिली. कामगारांच्या मागण्यांची लांबलचक यादी तयार झाली, पण साचाखात्याचे बंद दार तीत नव्हते. बाबासाहेब त्या काळात परळच्याच बी. आय. टी. चाळीत राहात होते. दामोदर हॉलमध्ये त्यांची कचेरी होती. थ्रॉसलमध्ये कोण आहे आणि साच्यावर कोण नाही, हे त्यांना कोणी अहवाल लिहून कळवण्याची गरज नव्हती. अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मागण्यांत घातला नाही, तर आपण आपल्या लोकांना संपातून बाजूला व्हायला सांगू, असे त्यांनी पुढाऱ्यांना बजावले. मागणी यादीत आली, पण नाइलाजाने आली. पुढे ती मालकांसमोर गेली तेव्हा मालकांनी हात झटकले. हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, असा त्यांचा पवित्रा होता. त्यात अर्धे सत्य होते आणि म्हणूनच ते अधिक झोंबणारे होते.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी मराठीत म्हण आहे. दातांनी ओठ चावला तर तक्रार कोणाकडे करायची, असा तिचा भाव. कामगार चळवळीने दलित कामगाराला दीर्घकाळ हीच म्हण ऐकवली. वर्ग एक, शत्रू एक, मग घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, असे म्हटले गेले. परंतु ज्याचा ओठ रोज चावला जातो त्याने ते बोलून दाखवू नये, अशी अपेक्षा दातांनी करणे योग्य नव्हे. १९५० साली संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तरी साचाखात्यातले प्रमाण एका कलमाने बदलले नाही. त्यानंतरही कित्येक वर्षे तिथे आमची माणसे मोजकीच दिसत.

३

येथे एखादा विचारील की साच्यापासून दूर राहिल्याने आमच्या माणसाचे दात तरी वाचले असतील. नाही वाचले. दात फक्त धोट्याने जात नाहीत. कमी मजुरीनेही जातात. ते कसे, हे समजण्यासाठी दात रोज काय काम करतात ते आधी पाहू.

माणसाला ३२ दात. पुढचे पटाशीचे दात तोडतात, सुळे फाडतात, दाढा दळतात. हे शाळेत शिकवतात. शाळेत शिकवीत नाहीत ते असे की दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची एक गादी असते आणि तिच्यात संवेदना असते. भाकरीत कच आली तर दाताखाली येताक्षणी कळते आणि जबडा आपोआप थांबतो. केसाएवढी बारीक वस्तूही दाताला जाणवते. घास किती कठीण आहे, त्यावर किती जोर द्यायचा, हे दातच जबड्याला सांगतो. दात काढला की ही जाणीवही त्याच्याबरोबर जाते.

कवळीने दात परत येतात असे वाटते, पण येतो तो आकार. पूर्ण कवळी घातलेल्या माणसाची चावण्याची ताकद स्वतःचे दात असलेल्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी राहते. वरच्या कवळीने टाळू झाकला जातो आणि घासाचा स्पर्श, त्याची ऊब, त्याची चव उणी होते. दातांचा आधार गेलेले हाड वर्षानुवर्षे झिजत जाते. त्यामुळे आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते आणि बोलताबोलता हलू लागते. म्हणून दंतवैद्यक आज असे सांगते की सगळे ३२ राहिले नाहीत तरी निदान २० दात, आणि तेही वरखाली एकमेकांना भिडणारे, शेवटपर्यंत राहिले पाहिजेत. तेवढ्यावर माणूस बहुतेक सगळे अन्न कवळीशिवाय खाऊ शकतो. जपानने १९८९ साली वयाच्या ८० व्या वर्षी २० दात अशी देशव्यापी मोहीमच उघडली.

आता हे परळच्या ताटात आणून पाहू. ज्याच्या घरी दूध, केळे, मऊ भात, वरण, शिरा आहे, त्याचे दात गेले तर त्याची चव जाते, पण त्याचे पोट भरते. ज्याच्या घरी ज्वारी-बाजरीची भाकरी, कांदा, लसणीचे तिखट, सुकट, भाजलेले चणे आणि सणावारी हाडाचा तुकडा आहे, त्याचे दात गेले तर त्याचे जेवणच जाते. गरिबाचे अन्न कठीण असते. वाळवलेल्या मांसाच्या चान्यांवर, शिळ्या भाकरीच्या तुकड्यांवर आमच्या पिढ्या जगल्या. ते अन्न मागून मिळालेले होते, लादलेले होते, याचा गौरव करण्याचे कारण नाही. पण ते पचवायला पहिले जाते तोंडातच होते. मऊ अन्नाला पैसा लागतो, कठीण अन्नाला दात लागतात. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला दातांची गरज अधिक, आणि दात आधी जातात ते त्याचेच.

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण नशिबाविषयी आहे असे समजले जाते. मला ती मजुरीविषयी वाटते.

माझी आजी शेवटची दाढ गेल्यावर भाकरी कालवणात कुस्करून खाई. कालवण नसेल त्या दिवशी चहात. आम्ही चणे खायला बसलो की ती आपल्या वाट्याचे चणे खलबत्त्यात कुटून घेई आणि थोड्या वेळाने म्हणे, कुटलेल्याला काय चव, चणा दातानंच फोडावा. तिला आम्ही हसत असू. मिटिंगला जाणे तिने त्याच सुमारास सोडले. कारण पाय दुखतात असे ती सांगे. पुढे कळले की बोलताना तोंडातून फुसफुस होते आणि पोरी हसतात, म्हणून तिने जाणे सोडले होते.

म्हणजे प्रश्न खाण्यापुरता राहात नाही. आपल्या व्याकरणाने त, थ, द, ध, न, स यांना दंत्य म्हटले आहे. जीभ दातांना टेकते तेव्हा ही अक्षरे उमटतात. पुढचे दात गेलेल्याच्या तोंडात ती घसरतात. ज्या समाजाने हजारो वर्षांनी सभेत उभे राहून बोलायला सुरुवात केली, ज्याने जलशांतून, कामगार मैदानातल्या सभांतून, चाळीच्या गॅलरीतून आपले म्हणणे मांडले, त्याच्या म्हाताऱ्या माणसांनी दातांपायी गप्प बसावे, हे नुकसान साधे नाही.

४

मग हे दात गेले कसे? सवयीने गेले, असे सोपे उत्तर देतात. तंबाखू, मशेरी, पान. उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे.

गिरणीतल्या कामाचे तास पाहा. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीत पुरुषाचा दिवस १२ तासांचा केला, १९२२ च्या कायद्याने ११, १९३४ च्या कायद्याने १० आणि १९४६ च्या दुरुस्तीने ९ तासांचा. १२ तास यंत्रापुढे उभे राहणाऱ्या, मध्ये जेमतेम घास घेणाऱ्या माणसाला झोप आणि भूक मारायला काहीतरी लागतेच. खात्यात कापूस उडतो, आग लागू शकते, म्हणून विडी ओढायची ती संडासाकडे जाऊन. तंबाखू मात्र ओठाखाली ठेवून काम चालू ठेवता येते. ओठाखालची तंबाखू ही यंत्राच्या वेळेत बसणारी एकच विश्रांती होती. तिच्याबरोबर गोड चहा आला. साखरेचा प्रत्येक घोट दातावरच्या जंतूंना खाद्य पुरवतो, त्यातून आम्ल तयार होते आणि अर्धा तासभर ते दाताचे कवच खात राहते. दिवसातून एकदा गोड खाणाऱ्यापेक्षा दहादा अर्धा कप चहा पिणाऱ्याचे दात लवकर किडतात. आणि जेवणाऐवजी चहा, ही सोय होती कमी पैशांची.

बायकांची गोष्ट वेगळी आणि अधिक कठीण. पहाटे नळाला पाणी येण्याआधी उठायचे, नवऱ्याचा आणि खानावळीतल्या गड्यांचा डबा करायचा, कित्येकींनी स्वतः वाइंडिंग किंवा रीलिंग खात्यात जायचे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून मशेरी करतात. सकाळी दात घासायला म्हणून बोटावर घेतात. त्यातल्या निकोटीनने हुशारी येते, भूक दबते, मग दुपारी, रात्री, दिवसातून पाचसहा वेळा हिरडीवर बोट फिरते. दात साफ करण्याच्या नावाखाली दाताचे मूळ सोलले जाते. निकोटीनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे हिरडी रोगट असूनही रक्त येत नाही. रक्त नाही म्हणजे रोग नाही असे वाटते. कळते तेव्हा दाढ हलू लागलेली असते. दुखऱ्या दाढेवर पुन्हा मशेरीच दाबायची.

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईतल्या ३५ वर्षांवरच्या ९९,५९८ स्त्रीपुरुषांची माहिती घेतली होती. त्यात ६९.३ टक्के पुरुष आणि ५७.५ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होत्या. स्त्रियांची तंबाखू जवळजवळ सगळी बिनधुराची, आणि तीत मशेरी सर्वांत पुढे. निम्म्याहून अधिक बायकांना एकच सवय असेल तर तिला व्यक्तीचा दोष म्हणून चालत नाही.

आता दुखणाऱ्या दाताचे काय होते ते पाहा. परळ हे रुग्णालयांचे गाव. के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले, टाटा रुग्णालय १९४१ साली. दातांचे शिक्षण मात्र आपल्याकडे उशिरा आले. देशातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्याला काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले. दंतवैद्यांच्या व्यवसायाचा कायदा झाला तो १९४८ साली. तोवर गरिबाचा दंतवैद्य म्हणजे पदपथावर चिमटा आणि बाटल्या मांडून बसलेला माणूस.

नंतर दवाखाने झाले, पण दात वाचवण्यात आणि दात काढण्यात एक मोठा फरक आहे, आणि तो वेळेचा आहे. दात काढायला एक खेप पुरते. कीड कोरून, मूळ साफ करून, भरून दात वाचवायचा तर तीनचार खेपा. बदली कामगाराला रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभे राहावे लागे. जॉबरने नाव पुकारले तर काम. दवाखान्याच्या रांगेत उभा राहिलेला बदली फाटकावर उभा नसे. चार खेपा म्हणजे चार खाडे, आणि पाचव्या दिवशी जॉबर त्याला ओळखेल याची खात्री नाही. म्हणून तो आपणहून म्हणे, डॉक्टर, काढून टाका. माझ्या आजोबांची पहिली दाढ एका सार्वजनिक दवाखान्यात अशीच निघाली. दात वाचवता येतो असे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी त्यांनी ऐकले नसते. दात कोरून पोट भरत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

टाटा रुग्णालयात या इतिहासाचे शेवटचे पान उलटते. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झाला की किरणोपचाराआधी खराब दात काढून टाकावे लागतात. कारण किरण लागलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाडाची जखम भरत नाही. आणि सुपारी-गुटख्याने गालाचे आतले कातडे ताठ होऊन ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, अशा तरुणाच्या तोंडात ३२ च्या ३२ दात असतात, पण घास आत जात नाही. नुसते दात टिकून भागत नाही. त्यांना काम करायला तोंडही मोकळे लागते.

५

येथे आपण आपल्याशीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. १९२७ च्या डिसेंबरमध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना त्यांच्या पेहरावाविषयी, स्वच्छतेविषयी, मुलामुलींच्या शिक्षणाविषयी सांगितले. शरीर हा चळवळीबाहेरचा विषय आहे असे त्यांनी मानले नाही. गुलामी अंगावर बाळगायची नाही, हा त्यामागचा विचार होता. स्त्रियांनी दुसऱ्या दिवशीपासून लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. मशेरीचे बोट मात्र आपण तसेच राहू दिले. दारूविरुद्ध आपल्या वस्त्यांत बायका उभ्या राहिल्या. तंबाखूविरुद्ध कोणी उभे राहिले नाही, कारण तंबाखू भांडण करीत नाही, ती हळूहळू खाते. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पण जयंतीच्या मंडपाशेजारच्या टपरीवर पुडी कशी मिळते, हे आपल्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

व्यसन सोडा, असा उपदेश करणे सोपे आहे. सवर्ण सुधारक शंभर वर्षे तो करीत आले. आपण तो करावा असे मी म्हणत नाही. थकवा, भूक आणि वेळ यांचा हिशेब न मांडता केलेला उपदेश हा अपमानच असतो. परंतु ज्या मालकाच्या वेळेसाठी ओठाखाली तंबाखू आली तो मालक गेला, गिरणी गेली, भोंगा गेला, आणि तंबाखू तेवढी राहिली. हे ओझे आता आपण कोणासाठी वाहतो आहोत, हा प्रश्न उपदेशाचा नाही, आत्मपरीक्षणाचा आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरणगाव उठले. साचे भंगारात गेले. त्यांच्याबरोबर धोटेही गेले, आणि धोट्याला कोणी ओठ लावायचा हा वादही इतिहासजमा झाला. आज परळच्या गिरण्यांच्या जमिनीवर काचेचे मनोरे आहेत. त्यांच्या तळमजल्यावर दातांचे दवाखाने आहेत, जिथे गेलेल्या दाताच्या जागी हाडात खिळा बसवून नवा दात लावून मिळतो. त्या एका दाताला जेवढे पैसे पडतात तेवढी त्याच मनोऱ्यात झाडू मारणाऱ्या बाईची महिन्याची कमाई बहुधा नसते. ती झाडू मारणारी बाई पुष्कळदा आमच्यातलीच असते. कंत्राटी असते. तिचाही खाडा धरला जातो. चार खेपांचा उपचार तिलाही परवडत नाही. जॉबर गेला, कंत्राटदार आला. दाढ अजून काढूनच टाकली जाते.

म्हणून मागणी सोपी आणि ठोस असली पाहिजे. पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात दात काढण्याइतकीच दात भरण्याची सोय असावी, आणि ती संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर मिळावी. कंत्राटी कामगाराला उपचाराच्या दिवसाची रजा पगारी असावी. शाळेतल्या मुलांचे दात वर्षातून एकदा तपासले जावेत. आणि आपल्या वस्तीतल्या विहारांत, वाचनालयांत, महिला मंडळांत बसून मशेरीविषयी आपल्याच बायकांनी आपल्या बायकांशी बोलावे, त्यांची भूक आणि त्यांची पहाट यांच्यासकट.

शिक्षक वाचकांना एक सुचवतो. गिरणगावच्या इतिहासाचा तास घ्याल तेव्हा मुलांना घरच्या सर्वांत वयस्क माणसाला एवढेच विचारून यायला सांगा की तुमचे किती दात राहिले, पहिला कधी गेला, आणि तो भरण्याऐवजी काढला का. त्या उत्तरांतून कामाचे तास बाहेर येतील, खाते बाहेर येईल, मजुरी बाहेर येईल, आणि पुष्कळ घरांत जातही बाहेर येईल. आमच्या थुंकीचा हिशेब या समाजाने शेकडो वर्षे फार काळजीपूर्वक ठेवला. आमच्या दातांचा हिशेब मात्र आम्हालाच ठेवावा लागणार आहे.